चौकटीची वही

बाबांनी एकतीस वर्षं डुलुथची सिटी बस चालवली.
चाळीस फुटी.
वळताना शेपूट कुठे आहे
हे त्यांना मान न वळवता कळायचं.
आता निवृत्तीच्या पैशांतून त्यांना हवीय
चार दारांची, बुटकी, चपळ गाडी,
जिच्यात दोरी ओढून कुणी बेल वाजवणार नाही.

आई म्हणाली, चामड्याची सीट कशाला,
बुडाला काय कळतं?
"एकतीस वर्षांनंतर," बाबा म्हणाले,
"बुडालाच कळतं."

चौकटीच्या कागदाची वही. तीन रकाने:
जपानी, जर्मन, आणि एक इटालियन,
जिच्यापुढे आधीपासूनच प्रश्नचिन्ह.
डावीकडे ओळी: अश्वशक्ती. टायर.
मागे गुडघे मावतात का (माझे).
डिकीत बर्फाचं फावडं आडवं राहतं का.
हप्ता.
सगळं पेनाने, हप्ता तेवढा पेन्सिलने.

मार्चचा शनिवार. रस्त्यावर मिठाची साय,
कडेला काळवंडलेला बर्फ,
सरोवर अजून अर्धं गोठलेलं.
जपानी गाडी इतकी गप्प
की बाबांनी दोनदा विचारलं, सुरू आहे ना?
पाहुण्यांसमोर जांभई गिळावी
तसा तिने मेसाबाचा चढ गिळला.
वहीत नोंद: सभ्य. फार सभ्य.

इटालियन घसा खाकरून उठली.
दुसऱ्या वळणावर बाबा हसले,
एकटेच, दाढा दिसतील असे.
मागून मला आरशात दिसलं.
हे हसू आमच्या घरातलं नव्हतं.
मग समोर एक पिवळा दिवा लागला
आणि विकणाऱ्या बाई म्हणाल्या, तो लागतो कधीकधी.
वहीत काही लिहिलं नाही.
पानाचा कोपरा मात्र दुमडला.

जर्मन गाडीत शेजारी कोल्बी,
तेविशीचा पोरगा, बूट नवे.
शून्य ते साठ किती सेकंदांत हे सांगताना
त्याचा श्वास गाडीच्या आधी साठावर पोचला.
"दाबा ना सर, दाबा."
बाबांनी दाबलं.
माझं डोकं मागे आपटलं,
दुकानांच्या पाट्या एकमेकींत कालवल्या गेल्या,

आणि औषधाच्या दुकानाच्या अलीकडे
कुणी काही न बोलता
इंडिकेटर लागला.
वेग उतरला, पायरी पायरीने,
उभ्या माणसाच्या हातातली कॉफी हिंदकळू नये असा,
आणि गाडी फुटपाथपासून वीतभर लांब,
बस स्टॉपच्या खांबाला खेटून
थांबली.

"काही बिघडलं का?" कोल्बी.

स्टॉपवर मिसेस ल्युबिच. कानटोपी, दोन पिशव्या.
वाकून त्यांनी काचेतून पाहिलं.
"आर्व्हो, आज लहान आणलीस?"

बाबांचा हात आपसूक उजवीकडे गेला,
दार उघडायच्या दांड्याकडे,
जिथे आता फक्त
कप ठेवायचा खळगा होता.

कोल्बी म्हणाला, हे नियमात बसत नाही.
तोवर मिसेस ल्युबिच माझ्या शेजारी बसल्या होत्या
आणि पिशवीतली सेलरी माझ्या मांडीवर.
त्यांनी किंमत विचारली नाही, सेकंदही नाहीत.
घराशी उतरताना दाराला धरून, कण्हत,
एवढंच म्हणाल्या:
"गुडघे कानाला लागतात रे हिच्यात."
मग सवयीने, "थँक यू, ड्रायव्हर."

बाबा बराच वेळ गाडी हलवेनात.
कोल्बीने घड्याळ पाहिलं, मग त्यांच्याकडे,
मग घड्याळ पुन्हा पाहिलं नाही.
वहीत, जर्मन रकान्यात, जागा नव्हती तिथे
तिरकं लिहिलं: थांबते चांगली.

गाडी अजून घेतलेली नाही.
कोल्बीचा फोन येतो, बाबा म्हणतात, विचार चालू आहे.
आई म्हणते, विचारालाच हप्ते पडणार.
काल वही टेबलावर उघडी होती.
तळाशी एक नवी ओळ, पट्टी लावून आखलेली:
मिसेस ल्युबिच यांचे गुडघे.
जर्मन: कानाला लागतात.
बाकी दोन चौकटी रिकाम्या.
शनिवारी दहाला
त्यांना घ्यायला जायचंय.